गाळलेली ओवी आणि आत्याचा रविवारचा वर्ग

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. कधी झाला तेही नेमकं सांगते, कारण "मागं कधीतरी काहीतरी झालं होतं म्हणे" असं म्हणून लोक मोकळे होतात. गेल्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातला तिसरा रविवार. सकाळची उपासना नुकतीच सुटली होती. बायका पायरीवर चपला शोधत होत्या. आमच्या गावात जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. त्या देवळाला लागून पत्र्याची एक खोली आहे. तिथं आत्या संडेस्कूलसाठी सतरंजी अंथरत होती. पाळकसाहेब आणि मंडळीचा, म्हणजे देवळातल्या समाजाचा, कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतले दोघं आत आले. "बाई, आजपासून वर्ग तुम्ही घ्यायचा नाही." सतरंजी अर्धी उलगडलेली, अर्धी गुंडाळलेली. मुलं दारात उभी. सव्वीस वर्षं वर्ग घेणाऱ्या बाईला मुलांच्या देखत सांगितलं. मुलांच्या देखत, हे मी दोनदा लिहिते आहे आणि गरज पडली तर पुन्हा लिहीन.

तिचा गुन्हा काय? एका प्रश्नाला ती "मला माहीत नाही" म्हणाली.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात, चहूबाजूंनी ऊस. ख्रिस्ती घरं वीस-बावीस. देवळाच्या भिंती दगडी, मिशनच्या काळातल्या, आणि आतला पंखा गेल्या पाळकांच्या काळातला. आत्या सातवी शिकलेली, अंगणवाडीत मदतनीस होती, आता निवृत्त. तिचा नवरा, आमचे मामा, सहा वर्षांपासून अंथरुणावर आहेत. डावं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत. त्यांचं सगळं आत्याच करते. आठवड्यातून एकदा ती घराबाहेर पडायची ते या वर्गासाठी. इस्त्रीचं पातळ, पावडर, हातात जुनं जाड बायबल. ते दीड तास शेजारीण मामांजवळ बसायची. आत्याची स्वतःची अशी एवढीच एक गोष्ट होती.

मी तिच्याच वर्गात शिकले. तिची पाठांतराची पद्धत तिची स्वतःची होती. आमच्यात बायबलच्या वचनाला ओवी म्हणतात. आत्या प्रत्येक ओवी बोटाच्या एका पेरावर बसवायची. करंगळीवर तीन, मग शेजारच्या बोटावर चौथी, पाचवी, सहावी. अंगठा पेरांवरून फिरवायचा आणि म्हणत जायचं. अजून मला काही आठवायचं झालं की अंगठा आपोआप करंगळीला जातो. देवावरचा विश्वास कॉलेजात गेला, पण ही सवय काही गेली नाही.

आता मी केडगावला राहते, नगरमध्ये डीटीपीचं काम करते, आणि अंधश्रद्धेच्या विरोधात काम करणाऱ्या आमच्या गटाची पत्रकं लिहिते. बुवाबाजी, भानामती, करणी, सगळ्यावर लिहिलं. मग कुणीतरी टोमणा मारला, "दुसऱ्यांच्या देवावर बरं सुचतं. स्वतःच्या घरचं काय?" म्हणून मी बायबलमधल्या विसंगतींवर पत्रक काढलं. दोन्ही बाजूंनी छापलेलं, घडी घातली की खिशात मावणारं. मला त्याचा अभिमान होता. तो आजही पूर्ण गेलेला नाही, हेही सांगून टाकते.

झालं ते असं. दरवर्षी नाताळनंतर नगरला मुलांची पाठांतर स्पर्धा असते. एक अख्खा अध्याय न बघता म्हणायचा. ओवी सुटली तर एक गुण जातो, आणि पदरचं काही घालून म्हटलं तर दोन. परीक्षक समोर पुस्तक उघडून बोट ठेवून बसतात. त्या वर्षी योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय होता. अडतीस वर्षं आजारी असलेला एक माणूस तळ्याच्या काठी पडून आहे. येशू त्याला उठवतो आणि चालायला लावतो. तळ्यातलं पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो, अशी तिथं समजूत आहे. पाणी का हलतं? तर देवदूत खाली येऊन हलवतो. हे देवदूताचं वाक्य म्हणजे चौथी ओवी.

आत्याच्या वर्गातली एक मुलगी, नऊ वर्षांची, गेली. तिचे वडील कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतात आणि पंच कमिटीत आहेत. पोरगी अडखळली नाही, थांबली नाही. आणि दोन गुण गेले. का? तर परीक्षक मोबाईलमधल्या बायबलवर बोट ठेवून बसले होते. तिथं तिसऱ्या ओवीनंतर एकदम पाचवी. चौथी नाहीच. म्हणजे पोरीनं पदरचं घातलं! पहिला नंबर गेला.

आत्या आपलं जाड बायबल घेऊन टेबलापाशी गेली. परीक्षक माणूस वाईट नव्हता. त्यानं तिचं पुस्तक बघितलं, मोबाईल बघितला, पुन्हा पुस्तक बघितलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं बरोबर असेल. पण नियम नियम."

येताना गाडीत पोरीचे वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जुन्या पुस्तकापायी माझ्या पोरीचा नंबर घालवला. लोकं चंद्रावर गेली, आमच्या बाई अजून पेरं मोजत्यात."

आत्यानं दुसऱ्या दिवशी मला फोन केला. "काय गं, माझ्या पुस्तकात हाय, त्यांच्या मोबाईलात न्हाई. असं कसं? तुझ्या त्या कागदात काय हाय का यावर?"

होतं ना! नववा मुद्दा. सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत ही ओवी सापडत नाही, नंतर कुणा नक्कल करणाऱ्यानं खुलासा म्हणून ती घातली असावी, असं अभ्यासक म्हणतात. मी पत्रक त्याच दिवशी एसटीनं येणाऱ्या एका नातेवाइकाच्या हाती पाठवलं. मला काय आनंद झाला होता! आत्या विचार करायला लागली, आता आत्या आपल्या बाजूला येणार, असं वाटलं. तिनं मला एक गोष्ट विचारली होती. मी तिला अख्खी चळवळ पाठवून दिली.

पुढच्या रविवारी तिनं दोन पुस्तकं मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवली. एक तिचं, एक कुणाचा तरी मोबाईल. "बघा, इथं हाय, इथं न्हाई." त्या पोरीनं विचारलं, "बाई, देवदूत नसंल तर मग तो मानूस पाण्याची वाट का बघत हुता?" खरा प्रश्न होता. पुढं सातव्या ओवीत तो माणूस म्हणतोच की पाणी हललं म्हणजे मला तळ्यात सोडायला कुणी नसतं. चौथी काढली तर सातवी लटकते. आत्या म्हणाली, "मला माहीत न्हाई बाळा. कळलं की सांगीन." एवढंच. तिनं माझं नाव घेतलं नाही, हस्तलिखितांचं बोलली नाही. पुढचे काही रविवार पोरगी विचारायची, "बाई, कळलं का?" आणि आत्या म्हणायची, "अजून न्हाई."

पोरीनं ते घरी सांगितलं. वडिलांनी कमिटीत सांगितलं. उपवासकाळातल्या त्या तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी आत्याचं बायबल मागितलं, त्या अध्यायात ठेवलेलं माझं पत्रक निघालं, आणि वर्ग गेला.

पाळकसाहेब तरुण आहेत, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. बाहेरच्या एका बायबल कॉलेजात शिकलेले. मामांना दोनदा स्वतःच्या गाडीत घालून नगरच्या दवाखान्यात नेलेला माणूस. हे लिहायला मला आवडत नाही, पण ते खरं आहे. मी तणतणत गेले तेव्हा त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"ताई, शास्त्राचं अक्षर न् अक्षर बिनचूक आहे, ही आमची श्रद्धा आहे. आज ही ओवी नाही म्हणाल, उद्या येशूचं पुनरुत्थान नाही म्हणाल. मी कुठं थांबवायचं?"

"आत्या नाही कुठं म्हणाली? माहीत नाही म्हणाली."

"लहान मुलांसमोर ते एकच."

"मग खुली चर्चा करू. सगळ्यांसमोर."

"करू," म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती असं तेव्हा मला वाटलं. आता वाटतं, त्यांना माझी कीव आली असावी.

ईस्टर झाल्यावर दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता, देवळाच्या आवारातल्या लिंबाखाली चर्चा ठरली. भित्तिपत्रक मीच केलं. "बायबल बिनचूक आहे का? खुली चर्चा. सर्वांना प्रवेश." एसटी स्टँडवर, दूध डेअरीवर, पानटपरीवर चिकटवलं. "सर्वांना" हा शब्द मी मोठ्या टाइपात टाकला होता. अख्खा गाव आला! शेतकऱ्यांची पोरं कुंपणाला मोटारसायकली लावून त्यांच्यावरच बसली. गॅरेजवाले मुसलमान चाचा आले, सरपंचांचे भाऊ आले. आमची वीस-बावीस घरं पुढं सतरंज्यांवर अंग चोरून बसली. या गावात ती कधी कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत. त्या दिवशी मी त्यांना सगळ्या गावासमोर बसवलं आणि त्यांच्या पुस्तकाच्या चुका मोजायला सुरुवात केली.

"बायबलमध्ये एकही चूक नाही, असं तुमचं म्हणणं. बरोबर?"

"मूळ लिखाणात एकही नाही."

"मूळ लिखाण कुठंय?"

"ते आज उपलब्ध नाही."

"म्हणजे जे बिनचूक आहे ते कुणापाशी नाही, आणि जे सगळ्यांपाशी आहे ते बिनचूक नाही!"

कुंपणावरून हॉर्न वाजले. "होऊन जाऊ द्या ताई!" कुणीतरी शिट्टी मारली. मला चढलं. मी खोटं कशाला सांगू?

पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "ताई, समजा तुमच्या आजीचं एक पत्र चार बहिणींनी उतरवून घेतलं. मूळ पत्र हरवलं. एका बहिणीनं एक ओळ जास्तीची लिहिली. म्हणून आजीनं पत्रच लिहिलं नाही असं होतं का? चारही कागद शेजारी ठेवायचे. जास्तीची ओळ कुठली ते कळतं."

हे वाक्य नीट वाचा. कागद शेजारी ठेवायचे आणि बघायचं. आत्यानं पत्र्याच्या खोलीत दुसरं काय केलं होतं? ज्यासाठी तिला काढलं तेच पाळकसाहेब सगळ्या गावासमोर बरोबर म्हणून सांगत होते! मी एवढंच विचारायला हवं होतं, "मग बाईंचं काय चुकलं?" तिथं प्रश्न संपला असता. पण माझं लक्ष कागदावर होतं. नववा मुद्दा झाला होता, मला दहावा घ्यायचा होता. दहाव्यात येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योतचा मृत्यू होता, एका ठिकाणी गळफास, दुसऱ्या ठिकाणी पडून पोट फुटलेलं. मी तो घेतला. पुन्हा हॉर्न. पाळकसाहेबांचं ते वाक्य मला कळलं ते परतीच्या एसटीत, केडगाव जवळ आल्यावर. शेजारच्या बाईनं विचारलं, "उलटी येतीय का? खिडकी उघडू का?"

त्याआधी मात्र मी आणखी एक केलं. मी आत्याला उभं केलं.

"आत्या, तू सांग. ती ओवी मूळची की मागून घातलेली?"

पाळकसाहेबही म्हणाले, "हो बाई, सांगा. फक्त एवढं म्हणा की शास्त्राचं प्रत्येक अक्षर खरं आहे, यावर तुमचा विश्वास आहे. पुढच्या रविवारपासून वर्ग तुमचा."

आत्या उठली. पदर नीट केला. पुढं सतरंजीवर बसलेल्या मुलांकडं बघितलं.

"मी सातवी शिकल्याली बाई," ती म्हणाली. "तुमी दोघं एवढं शिकल्यालं, तुमचं तुमालाच मिटंना. मला कसं माहीत असणार? मला न्हाई माहीत. मला ही पोरं द्या फक्त."

मागून एकजण ओरडला, "बाईंना उत्तर येईना! नापास!" हशा झाला. गावच हसलं. आमची घरं हसली नाहीत, पण त्यांनी माना खाली घातल्या. आणि मी, तिच्या रक्ताची भाची, काय म्हणाले? मी माइकवर म्हणाले, "बघा! यांच्या बाईंनाच खात्री नाही!"

त्या दिवशी मी जिंकले. पोरांनी येऊन हात मिळवले. एकानं माझ्याबरोबर फोटो काढला.

दोन आठवड्यांनी पाळकसाहेब काही कामानं नगरला आले होते, ते माझ्या डीटीपीच्या दुकानात आले. उभ्या उभ्याच, आमच्यात करतात तसा सलाम करून बोलले. "ताई, सलाम. एक सांगायचं होतं. ईस्टरनंतर मी कमिटीला समजावून बाईंना वर्ग परत देणारच होतो. थोडे दिवस जाऊ द्यायचे होते फक्त. आता दिला तर गाव म्हणणार, मंडळी हरली म्हणून दिला. कमिटी ऐकत नाही."

खरं असेल? की आता सोयीचं म्हणून बोलत होते? मला ठरवता येत नाही. शोधून काढायचा मार्गही नाही. त्यांनी एका लग्नपत्रिकेचे दर विचारले आणि गेले.

मग मी मला येतं ते केलं. अर्ज लिहिले. चर्चच्या वरच्या कार्यालयाला लिहिला, उत्तर आलं की ही स्थानिक पंच कमिटीची बाब आहे. पंच कमिटी म्हणाली, अध्यापनाचं पाळकसाहेब बघतात. पाळकसाहेब म्हणाले, कमिटीचा ठराव आहे. तिघांच्या दारात मी फिरले, तिघंही नीट बोलले, पाणी विचारलं. माणूस ओरडला तर त्याच्यावर ओरडता येतं. हे तिघंही माझ्याशी सभ्यपणे वागत होते, आणि माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. त्यातला एकही मुद्दा तिथं उपयोगाचा नव्हता.

पोरीच्या वडिलांनाही भेटले. ट्रॅक्टरखाली पडून काहीतरी आवळत होते, तिथूनच बोलले. "माझं बाईंशी वाकडं न्हाई. पण तुमी गावात आमची शोभा केली. आता माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाई." पोरगी ओट्यावर अभ्यास करत होती. तिला मोबाईलमधून तोच अध्याय नव्यानं पाठ करायला दिला होता. मी विचारलं, "कसा चाललाय?" म्हणाली, "चौथं पेर मोकळं ऱ्हातंय. अंगठा तिथंच थांबतोय."

मी तिला काय सांगायला हवं होतं? मला येत होतं ते सगळं हस्तलिखितांबद्दल होतं.

गेल्या महिन्यात दुपारी आत्याकडं गेले होते. मामांनी मला बघितल्याबरोबर आवाज दिला, "आल्या का वकीलबाई! आमाला कोर्टात कवा उभं करताय?" आत्याला मोतीबिंदू झालाय, बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ती म्हणाली, "तू वाच आज. त्यांना तोच अध्याय लागतो." मामांना तो माणूस आवडतो. "अडतीस वरसं पडून हुता बेनं," ते म्हणतात, "माझी तर सहाच झाली. मी अजून शिकाऊ."

मी वाचायला लागले. तिसरी ओवी वाचली. मग थांबले. माझ्याच पत्रकातलं वाक्य डोळ्यांपुढं आलं. मामा उशीवर मान वळवून वाट बघत होते.

"का गं? डोळे गेले का तुझे पन?"

मी चौथी वाचली. देवदूत खाली आला, पाणी हललं. मामांनी डोळे मिटले. जे मी खोटं म्हणून छापलं, ते मोठ्यानं वाचलं आणि मला ना ते खरं वाटलं, ना थांबावंसं वाटलं. आत्या दाराशी बसून भाजी निवडत होती. मी विचारलं, "आत्या, माझ्यावर राग आहे का गं?" ती म्हणाली, "राग कशाचा? तुला बोलता येतं, तू बोलली." आणि थोड्या वेळानं, भाजीकडंच बघत, "तू मला विचारायचं हुतं, आत्या, चर्चा ठिवू का. मी न्हाई म्हनले असते."

आता रविवारी त्या खोलीत टीव्ही लावून मुलांना बायबलचे कार्टून दाखवतात. वर्ग घ्यायला कुणी तयार नाही. पूर्वी पंधरा मुलं यायची, आता पाच-सहा येतात. आत्या उपासनेला जाते, शेवटच्या बाकावर बसते, आशीर्वाद झाला की उठून घरी येते. शेजारणीला सांगितलंय की आता दीड तास बसायची गरज नाही. लवकरच येते.

मला हे कसं दुरुस्त करायचं ते येत नाही. मी पुन्हा बोलले तर आणखी बिघडेल. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही श्रद्धावान असाल आणि आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही मंडळीत बसत असाल, तर येत्या रविवारी उपासना सुटल्यावर घाईनं चपला घालू नका. पाळकांपुढं जा आणि विचारा की "माहीत नाही" म्हणणाऱ्या शिक्षिकेला शास्त्रात कुठं शिक्षा सांगितली आहे. तुम्ही माझ्यासारखे न मानणारे असाल, तर तोंड बंद ठेवा आणि कागद घ्या. त्यावर एकच ओळ लिहा, "बाईंना त्यांचा वर्ग परत द्या," खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहा, आणि तो कागद कुणाच्याही बाजूनं टाळ्या न वाजवता आमच्या गावच्या पंच कमिटीकडं नेऊन द्या. ती सही मला आज पाहिजे. करा.